चागोस: मुंबईच्या थेट दक्षिणेला

शाळेच्या अ‍ॅटलासात हिंदी महासागराचं पान उघडा, मुंबईवर पट्टी ठेवा आणि सरळ खाली रेघ ओढा. रेघ लक्षद्वीपला चाटून जाते, मालदीवच्या माळेच्या कडेकडेने उतरते, विषुववृत्त ओलांडते आणि सुमारे २,९०० किलोमीटरवर चागोस द्वीपसमूहातल्या दिएगो गार्सिया नावाच्या बेटापाशी थांबते. मुंबईचं रेखांश ७२.८ अंश पूर्व, या बेटाचं ७२.४. मधली प्रवाळं चुकवून मुंबई बंदरातून नाकासमोर दक्षिण धरलेलं जहाज जवळजवळ याच बेटाला जाऊन भिडेल.

ही रेघ नुसती पट्टीने ओढलेली आहे असं नाही, भूगर्भातही ती आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानाने, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येण्याच्या जागेने, दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर चढवले, त्याच्या डोक्यावरून भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला. पेटत्या मेणबत्तीवरून कागद हळूहळू सरकवला की काजळीचे डाग ओळीने उमटतात. तशी लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही ओळ उमटली, पुढे मॉरिशस झालं आणि शेवटी रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही धुमसतो. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आणि चागोसच्या प्रवाळाखालचा पाया, दोन्ही एकाच चुलीवरचे.

चागोसमध्ये साठेक बेटं आहेत, सात कंकणद्वीपांवर विखुरलेली. सगळी जमीन एकत्र केली तरी जेमतेम ६० चौरस किलोमीटर भरते, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापेक्षा कितीतरी कमी. त्यातली निम्मी एकट्या दिएगो गार्सियाची. पाऊल उमटावं तसा तिचा आकार, मध्ये खोल, शांत खाजण. बहुतेक ठिकाणी जमीन समुद्रापासून एक-दोन मीटरच वर. एवढ्याशा जमिनीवरून लंडन, पोर्ट लुई, वॉशिंग्टन आणि थोडीफार दिल्ली अशा चार राजधान्या साठ वर्षं भांडत आहेत. बेट कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर आता बऱ्यापैकी मिळालं आहे आणि माझ्या मते ते बरोबरच आहे: मॉरिशसचं. पण ज्यांना उचलून बाहेर टाकलं ती माणसं त्या उत्तरानंतरही जिथल्या तिथे आहेत. भारत पहिल्या प्रश्नात मॉरिशसच्या बाजूने उभा राहिला, त्याचं श्रेय घेतलं. दुसऱ्या प्रश्नात तो गप्प आहे, आणि तक्रार आहे ती या गप्प बसण्याबद्दल.

मुंबईचा या बेटाशी आणखी एक जुना संबंध आहे, फारसा कुणाला माहीत नसलेला. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने तिथे वसाहत करायला माणसं पाठवली होती. जहाजांना वाटेत पाणी, भाजी, विसावा मिळेल असं ठाणं हवं होतं. बेटाची मोजणी केली बॉम्बे मरीनच्या आर्चिबाल्ड ब्लेअरने. परवापरवापर्यंत अंदमानात ज्याच्या नावाचं पोर्ट ब्लेअर होतं तोच हा. जमिनीत काही धड पिकेना, तेव्हा काही महिन्यांतच मंडळींनी गाशा गुंडाळला. मुंबईकरांना जे जमलं नाही ते फ्रेंचांना जमलं, कारण त्यांनी भाजीचा नाद सोडून नारळ धरला. मॉरिशसच्या फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर आणि मोझांबिककडचे गुलाम आणून इथे उतरवले. खोबरं वाळवायचं, घाण्यावर तेल काढायचं, पिंपं भरून मॉरिशसला धाडायचं. मॉरिशसमध्ये या बेटांना ‘तेलाची बेटं’च म्हणत. घाणा गाढवं ओढायची. आपल्याकडे बैल, तिथे गाढव, एवढाच फरक. त्या गाढवांचे वंशज आजही दिएगो गार्सियावर मोकळे फिरतात, त्यांना कुणी हाकललं नाही. ही गोष्ट लक्षात राहू द्या.

१८१४च्या पॅरिस तहाने मॉरिशस आणि त्याबरोबर ही बेटं ब्रिटिशांकडे आली. १८३५मध्ये गुलामी संपली, पण माणसं राहिली. नंतर थोडे हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तेही येऊन मिसळले. पाच-सहा पिढ्यांत तिथे एक स्वतंत्र समाज उभा राहिला: फ्रेंचमधून घडलेली स्वतःच्या वळणाची क्रिओल बोली, चर्च, दफनभूमी, शनिवारी रात्री सेगाचा नाच. जमीन मात्र त्यांची कधीच नव्हती. मालक कंपनी, दुकान कंपनीचं, जहाजही कंपनी सांगेल तेव्हा. महाराष्ट्रात कूळकायद्यासाठी ज्यांनी ‘कसेल त्याची जमीन’च्या घोषणा ऐकल्या किंवा दिल्या, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. पणजोबापासून वहिवाट आणि कागदावर नाव शून्य. पुढे ब्रिटिशांनी याच रिकाम्या रकान्याचा फायदा घेतला.

१९६५चा सप्टेंबर. मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये लँकेस्टर हाउसमध्ये चालली होती. अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता, आणि त्यासाठी लोकवस्ती नसलेलं, राजकारण नसलेलं, कायम हाताशी राहील असं बेट हवं होतं. २३ सप्टेंबरला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांची मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांच्याशी वेगळी भेट झाली. त्या भेटीसाठी विल्सन यांच्या हातात दिलेलं टिपण पुढे उघड झालं. त्यात म्हटलं होतं की या गृहस्थाला आशेने घाबरवायचं आहे: आशा स्वातंत्र्य मिळण्याची, आणि धाक हा की चागोसच्या बाबतीत शहाणपणा दाखवला नाही तर कदाचित मिळणारही नाही. मुत्सद्देगिरीत याहून स्वच्छ शब्दांत लिहिलेली धमकी मी तरी वाचलेली नाही. रामगुलाम यांनी मान डोलावली. ३० लाख पौंडांवर चागोस मॉरिशसपासून तोडलं गेलं आणि ८ नोव्हेंबर १९६५ला ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत जन्माला आली. त्या दशकात आफ्रिका-आशियातल्या वसाहती एकेक करून सुटत होत्या आणि ब्रिटन मात्र नवीन वसाहत करत होतं. पुढल्या वर्षी अमेरिकेशी करार झाला, ५० वर्षांचा. त्यात ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या किमतीत १ कोटी ४० लाख डॉलरची गुपचूप सूट होती, अमेरिकी संसदेलाही न सांगता.

(जाता जाता: पुण्या-बंगळुरात ज्यांच्या स्टार्टअपच्या वेबसाइटच्या शेवटी ‘डॉट आयओ’ असतं, ते याच वसाहतीच्या नावाचं संक्षिप्त रूप आहे. इनपुट-आउटपुट वगैरे अर्थ नंतर चिकटला.)

आता बेटावर माणसं आहेत याचं काय करायचं? संयुक्त राष्ट्रांना कळवायचं की तिथे कायमची वस्ती नाही, जे आहेत ते कंत्राटी मजूर. १९६६मधल्या परराष्ट्र खात्याच्या टिपणांत एक वरिष्ठ अधिकारी लिहितो की बेटावर समुद्रपक्ष्यांशिवाय कुणी मूळ रहिवासी नसेल, आणि पक्ष्यांची अजून कुठली समिती नाही. त्यावर दुसरा खंत व्यक्त करतो की पक्ष्यांबरोबर दुर्दैवाने काही ‘टारझन आणि मॅन फ्रायडे’ही आहेत. हे कागद कारकुनांचे नाहीत, खात्याच्या सर्वोच्च पायरीवरचे आहेत.

हकालपट्टी एका दिवसात झाली नाही. ती चिकाटीने, पाणी तोडल्यासारखी झाली. चागोसमधल्याच पेरोस बान्होस बेटावरच्या रीता बांकूल यांचं उदाहरण सगळ्यांत जास्त सांगितलं जातं, कारण त्यांच्या मुलाने, ओलिव्हिए बांकूल यांनी, पुढे ब्रिटिश सरकारला कोर्टात खेचलं. १९६८मध्ये रीताबाईंच्या लहानग्या नोएलीच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. बेटावर इलाज नव्हता, म्हणून सगळं कुटुंब मॉरिशसला आलं. पोरगी वाचली नाही. तिला पुरून परतीचं तिकीट काढायला ते जहाज कंपनीच्या खिडकीवर गेले, तर उत्तर मिळालं की तुमचं बेट विकलं गेलंय, आता परत जाता येणार नाही. त्या काळात मॉरिशसला औषधपाण्याला, नातेवाइकांकडे किंवा सुट्टीवर आलेल्या कित्येकांना असंच खिडकीवर कळलं. बेटावर जे उरले त्यांचं रेशन कमी होत गेलं, डॉक्टर आणि नर्स हलवल्या गेल्या. एप्रिल १९७१मध्ये परवान्याशिवाय बेटावर राहणं हाच गुन्हा ठरवणारा वटहुकूम निघाला.

आणि मग कुत्री. दिएगो गार्सियावर हजारेक पाळीव कुत्री होती. या वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या सेशेल्सच्या गव्हर्नरचा हुकूम आला की ती मारून टाका. आधी गोळ्या घातल्या, विष घातलं, जमेना. शेवटी खोबरं वाळवायच्या भट्टीच्या खोलीत त्यांना कोंडलं, गाड्यांचा धूर आत सोडला आणि नंतर जाळली. पोरांच्या डोळ्यांदेखत. ज्या खोलीत बापजाद्यांनी आयुष्यभर खोबरं वाळवलं त्याच खोलीत. सांगायची गरज उरली नव्हती की पुढचा नंबर कुणाचा. उंदीर मात्र कुणी मारले नाहीत. ते आजही तिथे आहेत आणि समुद्रपक्ष्यांची अंडी खातात. पक्ष्यांची विष्ठा समुद्रात मिसळली की प्रवाळाला खाद्य मिळतं, त्यामुळे चागोसमधल्या उंदीर नसलेल्या बेटांभोवतीचं प्रवाळ जास्त निरोगी आहे असं २०१८मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. निसर्ग राखायचा तर माणसं नकोत, असं पुढे सांगण्यात येणार होतं. त्याचा हिशोब असा आहे.

नॉर्दव्हेर नावाच्या बोटीने त्यांना नेलं. घोड्यांना वर डेकवर जागा, बायकापोरं खाली खताच्या मालावर. १९७३मध्ये पेरोस बान्होसवरून शेवटची बोट सुटली. एकंदर दीड ते दोन हजार माणसं, अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एखाद्या पेटीनिशी. पोर्ट लुईच्या धक्क्यावर काही जण बोटीतून उतरायलाच तयार नव्हते. मॉरिशसमध्ये नारळ सोलणाऱ्याला कोण काम देणार? कासी, रोश ब्वा अशा वस्त्यांत पत्र्याच्या खोल्या, धुणीभांडी, हमाली. पुष्कळ जण पहिल्या काही वर्षांतच गेले. त्यांच्या बोलीत या मरणाला एक शब्द आहे, ‘साग्रें’. फ्रेंचमधल्या दुःखासाठीच्या शब्दाचं हे क्रिओल रूप. आपल्याकडे ‘हाय खाल्ली’ म्हणतात ना, तेच. कशाने गेला, तर साग्रेंने गेला.

इथवर खलनायक ब्रिटन आहे आणि त्यात काही शंका नाही. पण मॉरिशसचा वाटा झाकून ठेवला तर हा लेख भारतीय परराष्ट्र खात्याचं पत्रक होईल. ब्रिटनने १९७२मध्ये पुनर्वसनासाठी साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारला दिले. ते लोकांच्या हातात पडले १९७७-७८मध्ये. तोवर महागाईने त्यांची किंमत खाल्ली होती. ‘इल्वा’, म्हणजे बेटवाले, हा शब्द पोर्ट लुईच्या रस्त्यांवर शिवीसारखा वापरला जाई. यामागे एक अवघड राजकारण होतं. मॉरिशसमध्ये बहुसंख्य गिरमिटियांचे वंशज, त्यातही हिंदू, स्वातंत्र्याच्या बाजूने होते, तर क्रिओल समाजाचा मोठा भाग विरोधात. १९६७च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला गेली होती. अशा देशात हे आफ्रिकी वंशाचे, निरक्षर, क्रिओल बोलणारे निर्वासित कुणाचेच मतदार नव्हते. राज्याला बेट हवं होतं. बेटावरची माणसं म्हणजे दाव्याला जोडलेली पुरवणी कागदपत्रं.

मॉरिशसच्या मराठी समाजाबद्दल आपण मोठ्या कौतुकाने बोलतो. कोकणातून गेलेल्यांनी तिथे गणपती टिकवला, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आपल्या जाखडीचं ‘झाकरी’ हे रूप तिथे अजून नाचलं जातं. हे कौतुक रास्तच आहे. पोर्ट लुई बंदरातला आप्रवासी घाट आता जागतिक वारसा स्थळ आहे. गिरमिटिये जिथे बोटीतून उतरले, त्या दगडी पायऱ्या जपल्या आहेत. २ नोव्हेंबरला त्यांच्या आगमनाची सुट्टी असते. पण नॉर्दव्हेर ज्या बंदरात येऊन लागली तेही हेच. चागोशियनांना गिरमिटियांच्या नातवांनी हाकललं नाही, हे खरं. तरी बोटीत कोंबून आणलेल्या माणसाला परक्या धक्क्यावर काय वाटतं, याची आठवण त्या बंदरात ज्यांच्या घरात सगळ्यांत ताजी होती, त्यांनी दार सगळ्यात उशिरा उघडलं, हेही खरंच.

दार उघडायला लावलं ते बायकांनी. शार्लेसिया आलेक्सिस, लिझेत तालात, रीता बांकूल, यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला उपोषणं केली, मोर्चे काढले, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेल्या. त्यातून १९८२ची ४० लाख पौंडांची तडजोड झाली. पैसे घेताना लोकांकडून इंग्रजीतल्या कागदावर अंगठे घेतले गेले. त्या कागदात परतण्याचा हक्क सोडत असल्याचं लिहिलं आहे हे बहुतेकांना पुढे कधीतरी समजलं. अंगठा आणि न वाचता येणारा कागद: ही गोष्ट मराठी माणसाला दुसऱ्याने सांगावी लागू नये.

कोर्टकचेरीचा पुढचा इतिहास लांबलचक आहे, मी त्यात फार अडकत नाही. २०००मध्ये लंडनच्या हायकोर्टाने हकालपट्टी बेकायदा ठरवली. २००४मध्ये सरकारने राजाज्ञेचं जुनं हत्यार काढून, संसदेला बाजूला ठेवून पुन्हा बंदी घातली. २००८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी ती उचलून धरली. एका न्यायाधीशाचं मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज हा लेख वेगळा लिहावा लागला असता. २०१०मध्ये ब्रिटनने चागोसभोवती प्रचंड मोठं सागरी अभयारण्य जाहीर केलं. जगभरच्या पर्यावरणवाद्यांनी टाळ्या वाजवल्या. मग विकिलीक्सने एक अमेरिकी तार फोडली, २००९च्या मे महिन्यातली. तिच्यात ब्रिटिश अधिकारी अमेरिकनांना समजावतोय की अभयारण्य झालं की परतण्याची मागणी निकालात निघेल, आणि बेटांवर माणसाच्या पावलांचे ठसे किंवा ‘मॅन फ्रायडे’ नकोत. ४३ वर्षांनी तोच शब्द. प्रवाळाची काळजी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण जिथे अणुपाणबुड्या येतात आणि बॉम्बर उतरतात त्या खाजणात मासेमारी करणारी चार कुटुंबं तेवढी निसर्गाला धोका, हे पटवून घ्यायला विशेष प्रतिभा लागते.

मॉरिशसने मग जगाचं दार ठोठावलं. २५ फेब्रुवारी २०१९ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सांगितलं की चागोस तोडणं बेकायदा होतं आणि ब्रिटनने तिथला कारभार शक्य तितक्या लवकर संपवावा. विरोधातलं एकमेव मत अमेरिकी न्यायाधीशांचं. भारताचे दलवीर भंडारी बहुमतात होते आणि भारत सरकारनेही न्यायालयापुढे मॉरिशसची बाजू घेतली होती. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ असं मतदान झालं. शेवटी २२ मे २०२५ला ब्रिटनचे पंतप्रधान कीअर स्टार्मर आणि मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांनी करारावर सह्या केल्या. नवीनचंद्र हे शिवसागर यांचे चिरंजीव. बापाकडून आशेने घाबरवून घेतलेलं बेट मुलाने सहीने परतीच्या वाटेवर आणलं, असं कथेत लिहिलं तर संपादक ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवेल.

पण करारात आहे काय? सार्वभौमत्व मॉरिशसचं. दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे, म्हणजे अमेरिकेकडे, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाड्याने. चागोशियनांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी. पुनर्वसन करायला मॉरिशस मोकळा, फक्त दिएगो गार्सिया सोडून. आता आठवा, निम्मी जमीन दिएगो गार्सियाची. सगळ्यांत मोठी वस्तीही तिथेच होती. बोलणी झाली दोन सरकारांत. ज्यांची हाडं त्या दफनभूमीत आहेत त्यांच्या वारसांना टेबलावर खुर्ची नव्हती. सहीच्याच दिवशी पहाटे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या दोन चागोशियन स्त्रियांनी कोर्टातून काही तासांपुरती का होईना सही अडवून धरली, ती यासाठीच. सगळे चागोशियन मॉरिशसच्या बाजूने नाहीत, हे आपल्याकडच्या बातम्यांत क्वचितच येतं. गॅटविक विमानतळाजवळच्या क्रॉलीत हजारोंनी राहणाऱ्यांतले कित्येक म्हणतात की आम्हाला मॉरिशसवर भरवसा नाही. सत्तरच्या दशकातला पोर्ट लुईचा धक्का ज्याने पाहिला, किंवा आईकडून ऐकला, त्याला कृतघ्न म्हणणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

भारताकडे येऊ. १६ डिसेंबर १९७१ला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हिंदी महासागर शांतताक्षेत्र असल्याचा ठराव मंजूर केला. पुढाकार श्रीलंकेचा होता, भारत पाठीशी होता. अमेरिकेची एंटरप्राइज विमानवाहू नौका तेव्हा बंगालच्या उपसागरात होती आणि दिएगो गार्सियावर धावपट्टीचं काम सुरू होतं. इंदिरा गांधींच्या काळात दिल्लीने या तळाला जाहीर विरोध केला. आज चित्र वेगळं आहे. २०१६मध्ये, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, अमेरिकेशी रसदपुरवठ्याचा करार झाला आणि एकमेकांच्या तळांवर इंधन-दुरुस्तीची सोय झाली. चीनच्या पाणबुड्या हिंदी महासागरात फिरू लागल्यावर तो तळ दिल्लीला पूर्वीसारखा खुपत नाही. मॉरिशसच्याच आगालेगा बेटावर भारताने धावपट्टी आणि धक्का बांधला. २०२४च्या फेब्रुवारीत त्याचं उद्घाटन झालं. तिथेही तीनेकशे माणसं राहतात आणि पुढे आपलं काय होणार ही भीती त्यांनी बोलून दाखवली आहे. चागोसची गोष्ट त्यांना पाठ आहे, ती शेजारच्या बेटाची गोष्ट आहे.

धोरण बदलायला माझा आक्षेप नाही. देशाच्या गरजा बदलतात. आक्षेप आहे तो शब्दांना. वसाहतवाद संपवण्याची भाषा बोलायची आणि ज्यांच्या अंगावरून वसाहतवाद गेला त्यांचा परतीचा हक्क मात्र मॉरिशसचा अंतर्गत मामला म्हणून सोडून द्यायचा, हे दोन्ही एका दमात बोलता येत नाही.

सुरक्षेचं काय, असं विचारतील. विचारावंच. दिएगो गार्सियावर आजही हजारोंनी माणसं राहतात: सैनिक, आणि त्यांच्यासाठी स्वयंपाक, धुलाई, बांधकाम करणारे फिलिपिनो आणि इतर कंत्राटी कामगार. मनिलाहून आलेला आचारी तळाला धोका नाही आणि त्याच बेटावर जिची आजी पुरली आहे ती बाई धोका, या तर्कात सुरक्षा कुठे बसते ते मला सापडलेलं नाही. दुसरा आक्षेप, तिथे माणूस राहू शकत नाही. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये श्रीलंकेतून निघालेल्या तमिळ निर्वासितांची बोट तिथे लागली. ब्रिटिश प्रशासनाने त्यांना, लहान मुलांसकट, तळाजवळ तंबूंत तीन वर्षं ठेवलं. तंबूंत उंदीर फिरत होते (तेच, न मारलेले). नंतर कोर्टाने हे बेकायदा डांबणं ठरवलं. म्हणजे डांबून ठेवायला बेट राहण्याजोगं आहे. समुद्र वर चढतोय हा तिसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. एक-दोन मीटर उंचीच्या जमिनीला भविष्य फार नाही. पण समुद्र अमेरिकी धावपट्टीसाठी वेगळा चढत नाही, आणि तिचा भाडेपट्टा ९९ वर्षांचा केला आहे. सगळेच परत जातील असंही नाही. बहुतेक जाणार नाहीत. नातवंडं क्रॉलीत शाळेत जातात, त्यांना नारळ सोलता येत नाही. हक्क आणि तो वापरणं यांत फरक असतो, एवढंच.

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. दिल्लीने आगालेगासाठी, मॉरिशसच्या किनारारक्षक दलासाठी, सागरी टेहळणीसाठी पैसा आणि माणसं दिली आहेत, पोर्ट लुईत तिचा शब्द वजनाचा आहे. पेरोस बान्होस आणि सालोमॉन या चागोसच्याच बेटांवर पाणी, धक्का, दवाखाना, शाळा उभारायची तर ते तंत्र आपल्याकडे लक्षद्वीपमुळे आहे. तीच प्रवाळं, तेच नारळ, गोड्या पाण्याची तीच टंचाई. पुनर्वसनाच्या समितीत चागोशियनांना, क्रॉलीतल्या विरोधकांसह, मताचा हक्क असावा, ही अट मदतीला जोडता येते. दिएगो गार्सियावरच्या नोकऱ्यांत त्यांना प्राधान्य आणि पूर्वेकडच्या टोकाला, जिथे जुना मळा, चर्च आणि ती गाढवं आहेत, कायमचं राहण्याची मुभा, हे वॉशिंग्टनपुढे मांडायला रसदकराराने मिळालेली ओळख वापरता येते.

२०२२च्या फेब्रुवारीत मॉरिशसने भाड्याच्या बोटीने काही चागोशियनांना पेरोस बान्होसवर नेलं. ब्रिटिश पहाऱ्याशिवाय ती पहिलीच खेप. त्यांनी पडक्या चर्चमधली झाडोऱ्याची जाळी कापली आणि बोट परतली. नंतर, २०२५च्या सप्टेंबरमध्ये भारतभेटीवर असताना नवीनचंद्र रामगुलाम म्हणाले की आम्हाला चागोसवर जाऊन झेंडा लावायचा आहे. ब्रिटिशांनी जहाज देऊ केलं होतं, पण भारताचं जहाज आम्हाला जास्त आवडेल. आपल्याकडे त्याच्या अभिमानाने बातम्या झाल्या. ते जहाज जाईल तेव्हा मंत्री असतील, नौदलाचे अधिकारी असतील, कॅमेरे असतील. पासष्टी-सत्तरी ओलांडलेले, बेटावर जन्मलेले थोडेच लोक आता उरले आहेत, तीन देशांत मिळून. १९६८मध्ये खिडकीवर तिकीट नाकारलं गेलेल्यांपैकी जे अजून हयात आहेत त्यांची नावं त्या जहाजाच्या प्रवासी यादीत सगळ्यांत वर लिहायला दिल्लीला लंडनची परवानगी लागत नाही, वॉशिंग्टनचीही नाही.